आवाज चढविणें आणि शब्द पोंचविणें

नाट्यशिक्षणांत ‘मोठ्यानें बोला’ असें बजावणारे शिक्षक पुष्कळ. शब्द पोंचवावा कसा, हें सांगणारे विरळा. विद्यार्थी मग गळा ताणतो, आणि त्या ताणण्यासच वाचिक अभिनय समजूं लागतो. भरतमुनींनीं उर, कंठ व शिर अशीं आवाजाचीं तीन स्थानें सांगितलीं आहेत. जवळच्याशीं बोलतांना उर, किंचित् दूरच्याशीं कंठ आणि फार दूरच्यास हांक मारतांना शिर योजावें, असा त्यांचा दंडक आहे. म्हणजे आवाजाचें माप नटाचें बळ नव्हे. ऐकणाराचें अंतर होय.

हें माप आमच्या भंडारा जिल्ह्यांतील दंडारीच्या नटास कोणी पुस्तकांतून शिकविलें नाहीं. दिवाळीनंतर झाडीपट्टींत मंडया भरतात. वर आकाश, भोंवतीं भिंत नाहीं, शेजारीं दुकानांचा गलबला. अशा ठिकाणीं शब्द पोंचला नाहीं, तर प्रेक्षक उठून जावयाचा!

परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळून झाडीपट्टीच्या रंगभूमीचा गौरव झाला, याचा आम्हांस आनंद आहे. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. आतां तेथील नाटकांत मंचावर ध्वनिक्षेपक टांगलेले असतात, आणि आपलें वाक्य आलें कीं नट त्यांखालीं येऊन उभा राहतो. प्रेक्षागृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद, याहून मोठें नसावें. मोठ्यांत शब्द बिघडतो व मुखावरील भाव दिसत नाहींत, असें भरतमुनि म्हणतात. यंत्रानें पहिली उणीव भरून काढली. दुसरी तशीच राहिली, आणि नटाची हालचाल मात्र बांधली गेली.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याची अडचण निराळी. मराठींत क्रियापद व नकार बहुधा वाक्याच्या शेवटीं येतात, आणि न कमावलेला श्वास नेमका तेथेंच संपतो. ‘मी चोरी केली नाहीं’ यांतील शेवटचा शब्द ओठांतच विरला, तर मागच्या रांगेपुरता निर्दोष मनुष्य चोर ठरतो!

म्हणून आमची सूचना एवढीच: विद्यार्थ्यांस कापणी झालेल्या धानाच्या बांधींत न्यावें, एका श्रोत्यास पलीकडच्या धुऱ्यावर बसवावें, आणि वाक्याचा शेवटचा शब्द, न ओरडतां, त्यास ऐकूं जाईपर्यंत तेंच वाक्य म्हणवून घ्यावें. जो नट वाक्य शेवटपर्यंत नेतो, त्याचें अंगही तोंवर ढळत नाहीं. रंगभूमीवरील तेज म्हणतात तें याहून फारसें निराळें नाहीं. धुरे आमच्या जिल्ह्यांत हवे तितके आहेत. त्यावर बसून ऐकणारा शिक्षक तेवढा पाहिजे.