बंदूक, रोखा आणि दगड

एडविन पोर्टर याने १९०३ साली ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट काढला. घोडेस्वार, दरोडा, पाठलाग, गोळीबार हा अमेरिकन पश्चिमपटाचा सारा संसार त्यात आहे. एका दृश्यात दरोडेखोर थेट प्रेक्षकावर पिस्तूल झाडतो. प्रेक्षक दचकतो, पण हा माणूस दरोडेखोर का झाला, हा प्रश्न त्याला पडत नाही.

पारनेरच्या वाचकाला तो पडलाच पाहिजे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांत पोचले. जमावाला हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. ते हाती लागताच जाळले गेले. सरकारदप्तरी मात्र ही ‘दंगल’ ठरली. आमच्याकडे लूट बंदुकीने नव्हे, कागदाने होत होती आणि कोर्ट त्या कागदाच्या पाठीशी उभे होते.

बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटातून ही लूट पडद्यावर आणली. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकरी झाले व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीची वाट धरतो. या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. तरी पुराणकथांत रमलेल्या पडद्यावर कर्जबाजारी कुणबी आणण्याचे त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु ही शोकांतिका गमावायला जमीन असलेल्याची आहे. ज्याच्याजवळ गहाण टाकायला श्रमाखेरीज काही नव्हते, त्याचे काय? पश्चिमपटातला दरोडेखोर कृत्याने कायद्याबाहेर जातो. आमच्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरवली. १९११ च्या कायद्याने ते जोखड मुंबई इलाख्यावरही आले आणि १९५२ पर्यंत टिकले.

अमेरिकेतही काळा गुराखी हॉलिवूडच्या पडद्यावरून पुसला गेला होता. तरी १९२१ च्या ‘द बुल-डॉगर’मध्ये बिल पिकेट हा काळा गुराखी स्वतःच्याच रूपात पडद्यावर आला. आमच्या मूकपटांच्या काळात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना स्वतःची कथा सांगण्याचा अधिकार कोणी दिला?

तो अधिकार नागराज मंजुळे यांनी २०१३ साली ‘फँड्री’त स्वतःच घेतला. शेवटी कैकाडी पोरगा जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकावर येतो. पोर्टरच्या पिस्तुलाने प्रेक्षकाची करमणूक केली. जब्याचा दगड त्याला आरोपी करतो. दोन्ही दृश्यांत नेम एकच आहे, फरक आहे तो नेम धरणाऱ्याच्या इतिहासाचा.

म्हणून कोणताही चित्रपट वर्गात वा शिबिरात दाखवताना पडद्यावर कोण आहे एवढेच विचारून भागणार नाही. चौकटीबाहेर कोणाला उभे केले आहे, हेही विचारले पाहिजे. आमची समीक्षा तेथूनच सुरू होते.