यंत्रासाठीं लिपि, कीं लिपीसाठीं यंत्र?

लिपि आणि यंत्र यांचा तंटा मराठीला नवा नाहीं. देवनागरीच्या छपाईस शेंकडों खिळे लागत, म्हणून टिळकांनीं त्यांची संख्या उतरविण्याची खटपट केली. सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी सुचविली. टंकलेखन-यंत्रावर तर ऱ्हस्व वेलांटी आधीं आणि व्यंजन मागून ठोकावें लागे. प्रत्येक वेळीं नमतें घेतलें तें लिपीनें.

यंत्राचें माणसाशीं वागणें कसें असावें, याचा विचार करणारें स्वतंत्र शास्त्र आतां उभें राहिलें आहे. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं त्या शास्त्राच्या आधारें हा प्रश्न उलट बाजूनें हातीं घेतला. २००४ सालीं विद्वानांपुढें आलेला ‘कीलेख’ हा कळफलक आणि स्पर्शपडद्याच्या फोनसाठीं २०१३ सालीं निघालेलें ‘स्वरचक्र’ हीं त्या विचाराचीं फळें होत. १९८६ सालच्या ‘इन्स्क्रिप्ट’नेंही स्वर डावीकडे व व्यंजनें उजवीकडे मांडून लिपीचा मान राखला होता; परंतु ती मांडणी मुद्दाम शिकल्यावांचून हातीं बसत नाहीं. स्वरचक्रांत व्यंजनें वर्णमालेच्या क्रमानें येतात. ‘क’वर बोट टेकतांच भोंवतीं का, कि, की, कु असें चक्र उमटतें, बोट हव्या अक्षराकडे सरकविलें कीं काम झालें. पाटीवर गिरविलेली बाराखडीच येथें उपयोगी पडते. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांचे ब्राह्मी लेख आहेत. तेथेंही स्वराची खूण व्यंजनाला अशीच बिलगलेली दिसते. दोन हजार वर्षांची ही घडण ओळखून यंत्र रचणें, यांत या संशोधकांचें खरें श्रेय आहे.

तथापि एक आक्षेप नोंदविणें प्राप्त आहे. या शास्त्रांत लेखनाची परीक्षा बहुधा मिनिटास किती अक्षरें उमटलीं व किती चुकलीं, यावर होते. आमच्या शहापूरकडील महाविद्यालयीन तरुण आपल्या मित्रास मराठी मजकूर रोमन अक्षरांत झरझर लिहितो. घड्याळ लावलें तर तो सहज उत्तीर्ण होईल. परंतु त्या लेखनांत ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘मण’ आणि ‘मन’ यांतील भेद पुसला जातो, याची नोंद कोणतें घड्याळ घेणार? दुसरें असें कीं, वर्णमालेचा क्रम ज्यास पाठ आहे त्यालाच ही मांडणी ओळखीची वाटेल. शाळेचें तोंड न पाहिलेल्या कातकरी वृद्धेला तिचा उपयोग नाहीं. बोललेलें ऐकून लिहिणारीं यंत्रें आतां आलीं आहेत. पण प्रमाण मराठीवर पोसलेला त्यांचा कान तिची बोली कितपत ऐकेल?

हे दोष कल्पकतेचे नसून मोजपट्टीचे आहेत. ज्याला रोमन अक्षरें सहज येतात तोहि आपखुषीनें देवनागरीकडे वळतो कीं नाहीं, आणि जिला अक्षरओळखच नाहीं तिचा शब्द यंत्रापर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें या शास्त्रानें आतां मोजावें. लिपीसाठीं यंत्र रचतां येतें, हें तर त्यानें दाखवून दिलेंच आहे.