नॅट किंग कोल शो, द

अमेरिकेतील एन्‌बीसी या प्रक्षेपणसंस्थेचा दूरचित्रवाणीवरील विविधरंजन कार्यक्रम (५ नोव्हेंबर १९५६–१७ डिसेंबर १९५७). विख्यात कृष्णवर्णीय गायक व जॅझ-पियानोवादक नॅट ‘किंग’ कोल (१९१९–६५) हा त्याचा सूत्रधार होता. कृष्णवर्णीय सूत्रधार असलेला हा पहिलाच कार्यक्रम, असे पुष्कळदा म्हटले जाते; ते यथार्थ नाही. हेझल स्कॉट (१९५०) व बिली डॅनिएल्स (१९५२) यांचे अल्पजीवी कार्यक्रम त्याआधी होऊन गेले होते. मात्र ‘नेचर बॉय’ (१९४८) व ‘मोना लिसा’ (१९५०) या ध्वनिमुद्रिकांमुळे कोलचा आवाज गोऱ्या कुटुंबांतही घरोघर पोहोचलेला होता. त्यामुळे त्याच्या कार्यक्रमाचे भवितव्य ही अमेरिकन समाजाचीच एक कसोटी ठरली.

प्रारंभी हा कार्यक्रम सोमवारी सायंकाळी पंधरा मिनिटांचा असे; जुलै १९५७ पासून तो अर्ध्या तासाचा झाला. पंधरा मिनिटांच्या भागांत मोजकी गीते, साधे नेपथ्य आणि गायकाच्या चेहऱ्याजवळ स्थिरावणारा कॅमेरा एवढेच साहित्य असे. कोलची संथ, स्पष्ट शब्दोच्चारण करणारी गायकी त्यात अधिक खुलते. विस्तारानंतर पाहुण्यांची वर्दळ वाढली आणि ती जवळीक काहीशी उणावली. त्या बदल्यात एला फिट्‌सजेरल्ड, पेगी ली, हॅरी बेलाफाँटे यांसारखे कलावंत प्रेक्षकांना लाभले. खर्चाची ओढाताण लक्षात घेऊन कित्येकांनी किमान मानधनावर काम केले. वाद्यवृंदाचे संचालन पुढे नेल्सन रिडलकडे होते. ऑक्टोबर १९५७ मधील एका भागात ऑस्कर पीटरसन, कोलमन हॉकिन्स प्रभृती जॅझवादक आले, तेव्हा कोल स्वतः पियानोवर बसला. त्याच्यातील अव्वल वादक या कार्यक्रमात किती क्वचित दिसतो, याची जाणीव तो भाग पाहताना तीव्रतेने होते.

त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीचा खर्च जाहिरातदार पुरस्कर्ते उचलीत आणि बहुधा कार्यक्रमालाच त्यांचे नाव जोडले जाई. गायिका डायना शोअरच्या कार्यक्रमामागे शेव्हरोले मोटारी होत्या. कोलला राष्ट्रव्यापी कायमचा पुरस्कर्ता अखेरपर्यंत मिळाला नाही. न्यूयॉर्कमध्ये राइनगोल्ड या बिअरसारखे प्रादेशिक पुरस्कर्ते तेवढे मिळाले. उरलेला भार एन्‌बीसीने सोसला. दक्षिणेतील गोरे ग्राहक आपल्या मालावर बहिष्कार घालतील, ही जाहिरातदारांची भीती होती. ती सर्वस्वी काल्पनिक म्हणता येणार नाही: एप्रिल १९५६ मध्ये ॲलाबॅमातील बर्मिंगहॅम येथे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी भर रंगमंचावर कोलवर हल्ला केला होता. तरीही एक विसंगती उरतेच. १९४६–४८ मध्ये याच एन्‌बीसीच्या नभोवाणीवर कोलच्या वाद्यत्रयीचा कार्यक्रम होता आणि त्याला वाइल्डरूट या केशप्रसाधनाचा पुरस्कार लाभला होता. कोलचा आवाज ज्या बाजारपेठेला विकाऊ वाटला, त्याचा चेहरा तिला पेलवला नाही.

सोयीची वेळ सोडून शनिवारी सायंकाळी सात वाजता कार्यक्रम हलवावा, अशी सूचना एन्‌बीसीने केली, तेव्हा कोलने तो बंद करणे पसंत केले. ‘एबनी’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५८ च्या अंकातील लेखात त्याने प्रक्षेपणसंस्थेपेक्षा जाहिरातसंस्थांनाच दोष दिला.

कोलचे सौजन्य हा या कार्यक्रमाचा गुण मानावा की मर्यादा, हा प्रश्न टीकाकारांपुढे राहिला आहे. विभक्त प्रेक्षागृहांतून गात राहिल्याबद्दल कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी १९५६ मध्येच त्याच्यावर कठोर टीका केली होती. कार्यक्रमातही वर्णप्रश्नाचा उच्चार होत नसे. परंतु गोऱ्या पाहुण्यांचे यजमान म्हणून बरोबरीच्या नात्याने स्वागत करणारा कृष्णवर्णीय गृहस्थ दर आठवड्याला दिसावा, हे त्या वर्षांत भाषणाहून कमी बोलके नव्हते. त्याचे मौन सावध होते, लाचार नव्हते.

सॅमी डेव्हिस ज्यूनिअरचा कार्यक्रम १९६६ मध्ये एन्‌बीसीवरूनच झाला. तो काही महिनेच चालला. १९६८ मध्ये पेट्युला क्लार्क या गोऱ्या गायिकेने गाताना बेलाफाँटेच्या दंडाला स्पर्श केला, तेव्हा पुरस्कर्त्या मोटारकंपनीच्या प्रतिनिधीने हरकत घेतली. तिने ती जुमानली नाही आणि ते दृश्य तसेच प्रक्षेपित झाले. विनोदी नट फ्लिप विल्सनचा कार्यक्रम (१९७०–७४) मात्र देशातील अग्रगण्य कार्यक्रमांत गणला गेला.