पाऊण मात्रेचा इको

१५ डिसेंबर २०१९ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू या आयरिश बँडने ‘द जोशुआ ट्री’ हा आपला १९८७ चा अल्बम सबंध वाजवला. भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ या गाण्याच्या आरंभी कीबोर्डच्या लांब सुरांखालून गिटारचे सहा सूर हळूहळू वर येतात आणि ते सहाच आहेत हे ऐकणाऱ्याला पटत नाही. त्या मैदानात गिटार वाजवणारे जेवढे असतील, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे सहा सूर कधी ना कधी घरी वाजवून पाहिले असणार आणि ते तसे लागत नाहीत म्हणून एखादं पेडल विकत घेतलं असणार.

यू टूचा गिटारवादक डेव्हिड इव्हान्स ऊर्फ ‘द एज’ याचा आवाज घरी आणायचा, हा गेली चाळीस वर्षं जगभर चालू असलेला उद्योग आहे. पूर्वी तो श्रीमंतांचा होता. आता तो कोणाच्याही आवाक्यात आलाय, आणि तरीही निष्पत्ती बेताचीच आहे. दोष यंत्रांचा नाही, असं माझं मत आहे.

यंत्रांची गोष्ट आधी. यू टूचा पहिला अल्बम ‘बॉय’ १९८० चा, डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत स्टीव्ह लिलीव्हाइट या निर्मात्याबरोबर केलेला. गिटारला इको जोडून बघ, ही सूचना गायक बोनोची. एजने घेतलं ते इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं डिलक्स मेमरी मॅन. या पेडलच्या पोटात डिजिटल काहीही नव्हतं. आग विझवायला माणसं ओळीने उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा गिटारचा विद्युतभार हजारो कपॅसिटरांच्या रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि शेवटच्या टोकाला उशिरा पोचतो. ही युक्ती फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली सांगस्टर आणि टेअर या दोघांनी शोधली होती. प्रत्येक हस्तांतरात थोडी सांडलवंड होते. म्हणून परत येणारा सूर मूळ सुरापेक्षा जरा मळकट, जाडसर आणि किंचित डुलणारा असतो. पुढे ‘द अनफर्गेटेबल फायर’ या अल्बमच्या, म्हणजे १९८४ च्या सुमारास कोर्गचं एसडीडी-३००० हे रॅकमध्ये बसणारं डिजिटल यंत्र आलं आणि मिलिसेकंदांचा आकडा नेमका बसवता येऊ लागला. एजची शैली खरी आकाराला आली ती इथे.

त्या शैलीचं गणित आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं आहे. एका मात्रेचे चार भाग करा. हात दुगुन वाजवतोय, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या भागावर आघात. इको पाऊण मात्रेने मागे ठेवलाय. पहिल्या भागावरच्या आघाताचं उत्तर चौथ्या भागावर येतं, तिसऱ्या भागावरच्या आघाताचं उत्तर पुढल्या मात्रेच्या दुसऱ्या भागावर. रिकाम्या राहिलेल्या दोन्ही जागा भरल्या. हात दुगुन वाजवतो, कान चौगुन ऐकतो. शिवाय रिकाम्या जागी येणारा सूर आत्ताचा नसतो, मागचा असतो, त्यामुळे एकच गिटार दोन चाली एकमेकींत गुंफल्यासारखी वाटते. ‘स्ट्रीट्स’ची लय मिनिटाला साधारण १२६ ठोक्यांची आहे. म्हणजे एक मात्रा सुमारे ४७६ मिलिसेकंदांची आणि तिची पाऊण ३५७. हा आकडा वीसभर मिलिसेकंदांनी चुकला की विणकाम उसवतं.

हे एजने शोधलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. जॉन मार्टिन हा ब्रिटिश लोकगायक १९७० च्या आगेमागे साध्या लाकडी गिटारला टेपवर चालणारं एकोप्लेक्स जोडून लयीचे थरावर थर रचत होता. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’मधलं ‘रन लाइक हेल’ १९७९ चं. त्यात डेव्हिड गिलमोरची गिटार इकोच्याच बळावर पळते. पण गिलमोरकडे इको हे एका गाण्याचं साधन आहे, पुढल्या गाण्यात तो ते खाली ठेवतो आणि मींड घेत एकल वाजवायला लागतो. एजने इकोलाच आपलं मुख्य वाद्य केलं. गिटार त्या वाद्याला चावी देण्यापुरती.

आता स्वस्त सामानाकडे येऊ. सर्वांत खालच्या पायरीवर ती चिनी बनावटीची छोटी पेडलं आहेत, आजच्या भावात तीन-चार हजारांपासून मिळणारी. यांतल्या पुष्कळशांच्या आत पीटी २३९९ नावाची तैवानी चिप असते. ही मूळची कराओके यंत्रांसाठी केलेली. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या ऑर्केस्ट्रात निवेदकाच्या आवाजाला जो इको लावलेला असतो, तोही याच जातीचा. चिपमध्ये मेमरी जेमतेम ४४ किलोबिटांची, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्यात विलंब सुमारे ३४० मिलिसेकंदांना संपतो. ‘स्ट्रीट्स’ला हवेत ३५७. यू टूच्याच ‘प्राइड’ या गाण्याला सव्वाचारशेच्या आसपास. म्हणजे नेमकं आपलं गाणं सुरू होतं तिथे हिची शीव येते. पेडल बनवणारे मग चिपचं घड्याळ मंद करून तिला सहाशेपर्यंत ताणतात आणि त्याची किंमत खरखर आणि गढूळपणाने मोजावी लागते. डब्यावर पुष्कळदा ‘ॲनालॉग’ असं ऐटीत लिहिलेलं असतं, आत मेमरी डिजिटलच असते. पण ते एक असो. ‘बॉय’च्या काळातला मळकट आवाज हवा असेल तर हे पेडल वाईट नाही. पुढच्या काळातल्या एजसाठी मात्र ते घेऊ नये. मुख्य अडचण आवाजाची नाहीच. या पेडलांवर वेळ ठरवायला एक गोल बटण असतं आणि त्याच्याभोवती आकडे नसतात. मैफलीत ड्रमर जरा पुढे सरकला की तुम्ही वाकून अंदाजाने बटण फिरवत बसता.

याच्या वरची पायरी म्हणजे मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, आणि माझ्या मते प्रश्न इथेच सुटतो. झूम, व्हॅलिटन, नक्स, मूअर यांचे लहान प्रोसेसर दहा-पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळतात. पायाने ठोके देऊन लय सांगायची सोय, म्हणजे टॅप टेम्पो, यांतल्या बहुतेकांत असते; पाऊण मात्रेचा विभाग निवडता येतो; शिवाय आत व्हॉक्स एसी ३० या अँप्लिफायरची नक्कल असते. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. एजच्या आवाजात इकोइतकाच वाटा त्याच्या १९६४ च्या एसी ३० चा आहे. नव्या एसी ३० ची किंमत आपल्याकडे लाखाच्या वर जाते आणि तो फ्लॅटमध्ये त्याच्या खऱ्या आवाजात वाजवलात तर सोसायटीची सभा बोलावली जाईल. नकलेने दोन्ही संकटं टळतात.

इथे एक गोम आहे. हल्लीचे बहुतेक लोक इको अँप्लिफायरच्या नंतर लावतात, कारण तसा तो स्वच्छ ऐकू येतो आणि पुस्तकातही तसंच सांगितलेलं असतं. जुन्या एसी ३० ला मधूनच इफेक्ट जोडायची वाटच नव्हती. एजचा इको अँपच्या आधी आहे. अँप किंचित फाटायच्या बेतात ठेवलेला असतो, मूळ सूर त्याला थोडा फाडतो आणि मागून येणारा, क्षीण झालेला सूर तितका फाटत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिध्वनीचा पोत वेगळा लागतो. प्रोसेसरच्या पडद्यावर इकोचा चौकोन अँपच्या चौकोनाच्या डावीकडे ओढायचा, एवढंच काम आहे. फुकटचं. यातून पडणारा फरक दहा हजारांचं नवं पेडल घेऊन पडत नाही.

संगणकावर वाजवणाऱ्यांचं तर आणखी स्वस्तात भागतं. ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये लयीशी बांधलेला इको मोफत आहे. न्यूरल अँप मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर खऱ्या अँपचा स्वभाव यंत्र-शिक्षणाने उचलतं, आणि त्यात लोकांनी पकडून वाटलेले एसी ३० ढिगाने सापडतात. पण ही पद्धत अँप आणि डिस्टॉर्शन पकडते, इको पकडू शकत नाही. ‘एजचा सबंध आवाज एका फाइलमध्ये’ असं कोणी विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. इको वेगळाच लावावा लागतो.

वरच्या टोकाला बॉसची पेडलं, लाइन ६ चं डीएल-४ आणि खास कारागिरीची महागडी पेडलं आहेत. बॉसने डीडी-२ हे पायाखाली मावणारं पहिलं डिजिटल डिले पेडल १९८३ मध्ये आणलं. १९९९ च्या डीएल-४ मध्ये मेमरी मॅनची बरी नक्कल होती. खुद्द कोर्गने २०१४ मध्ये एसडीडी-३००० पेडलच्या रूपात परत आणलं. सगळी उत्तम आहेत. या एका कामासाठी लागत नाहीत, इतकंच.

मग घोडं पेंड खातं कुठे? ऐकलेल्या बहुतेक नकलांत इको फार हळू आणि फार लांब असतो. वाजवणारा मूळ सुरामागे दबकी सावली ठेवतो आणि ती सात-आठ वेळा घुमू देतो. एजचं उलट आहे. इको मूळ सुराच्या जवळपास बरोबरीचा आणि पुनरावृत्ती दोन-तीनच. कारण पुन्हा त्या गणितात आहे. पहिला प्रतिध्वनी रिकाम्या जागी पडतो, दुसरा थेट हाताच्या आघातावर येऊन बसतो, तिसरा परत रिकाम्या जागी. चौथ्या-पाचव्यापर्यंत जाल तर मागल्या कॉर्डचे सूर पुढल्या कॉर्डमध्ये घुसून गिलावा होतो.

म्हणूनच त्याची कॉर्ड पकडायची पद्धतही तशी आहे. पुष्कळदा तो गांधार गाळतो. षड्ज आणि पंचम, एखादी तार मोकळी वाजत ठेवलेली, वर एखाद-दुसरा हलता सूर. कॉर्ड बदलली तरी मागून येणारा सूर नव्या कॉर्डला खटकत नाही, कारण तो दोन्हींत चालतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला यात नवल वाटू नये. पण इथले गिटारवादकसुद्धा शिकवणीत पाठ केलेली सहा तारांची भरगच्च कॉर्ड इकोत ओततात आणि मग पेडलला नावं ठेवतात.

हाताचंही तेच. उजवा हात घड्याळासारखा सरळ चालावा लागतो. आघात जरा डगमगला तर इको ती चूक लपवत नाही, दोनदा ऐकवतो. एजच्या सुराच्या टोकाला जी बारीक खरखरीत धार आहे, ती हर्डिमच्या जर्मन प्लेक्ट्रममुळे. बोटांची पकड बसावी म्हणून त्याच्या एका अंगाला खाचा असतात, आणि तो प्लेक्ट्रम फिरवून त्याच अंगाने तार छेडतो. संपूर्ण साखळीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू. हिच्याविषयी बोलताना मी फार कमी गिटारवाल्यांना ऐकलंय.

आणि आता थोडं कडू. हा आवाज इतका सोपा झाला की तो सगळीकडे पसरून पातळ झालाय. सिडनीच्या हिलसाँग चर्चपासून सुरू झालेल्या ख्रिस्ती उपासना-संगीतात पाऊण मात्रेचा इको जवळपास नेमाचा झाला. मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती, गृहप्रकल्पांच्या फिती, ‘प्रेरणादायी’ म्हणून विकलं जाणारं तयार पार्श्वसंगीत यांत तळहाताने दाबलेली गिटार आणि मागून टपटपणारा इको हा साचा झालाय. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या त्याच मैदानावर तीन रात्री कोल्डप्लेने वाजवलं. त्यांच्या जॉनी बकलंडने हा वारसा निदान स्वतःच्या चालींना जुंपला. बाकीच्यांनी फक्त चकाकी उचलली. ‘स्ट्रीट्स’ उभं करताना यू टूची मंडळी स्टुडिओत इतकी अडली की निर्माता ब्रायन इनो वैतागून ती टेपच पुसायला निघाला होता. आरंभ तीनच्या चालीत आणि गाणं चारच्या, ही उडी त्यांना जमता जमत नव्हती. आज पडद्यावर दिसणाऱ्या नकला त्या उडीच्या आधीच थांबतात. सहा सूर वाजवायचे, सामानाची यादी दाखवायची, संपलं. अवघड भाग पुढे आहे. तिथे एक माणूस इकोवर टेकून तीन जणांच्या बँडला गायकामागे जागा मोकळी करून देतो.

‘इट माइट गेट लाउड’ या २००८ च्या माहितीपटात एज स्वतःच एका गाण्याचा तुकडा आधी सगळ्या इफेक्टांसह वाजवतो आणि मग इफेक्ट बंद करून दाखवतो. उरतं ते अगदी साधं, शिकाऊ मुलालाही जमेल असं. नक्कल करणाऱ्याने तो प्रसंग जरूर पाहावा. इको बंद करून तोच तुकडा लयीत वाजतो का, हे आधी तपासावं, आणि तो तसा वाजेपर्यंत इको लावू नये.

खरेदी करणाऱ्यांसाठी माझा हिशेब सरळ आहे. टॅप टेम्पो आणि पाऊण मात्रेचा विभाग नसलेलं कुठलंही पेडल या कामासाठी घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त वा कितीही महाग असो. पंधरा हजारांच्या आतला एक प्रोसेसर, खाचांचं एक प्लेक्ट्रम आणि फोनमधला मोफत मेट्रोनोम पुरेसा आहे. दुकानात जाताना स्वतःची गिटार बरोबर न्या, मेट्रोनोम १२६ वर लावा आणि विक्रेत्याला वाजवू न देता स्वतः वाजवून बघा.