मीराबेनची भिंत

सेवाग्रामच्या बापूकुटीत माणसे काय पाहतात, हे मी वर्ध्यात राहून पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. बैठक पाहतात, काठी पाहतात, हात जोडतात आणि बाहेर पडतात. भिंतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आहेत, चरखा आहे, ॐ आहे. हे काम मीराबेनच्या हातचे. कुटीही मुळात त्यांचीच. बापू तिथे मागाहून राहायला आले.

मीराबेन म्हणजे मॅडेलीन स्लेड, ब्रिटिश आरमारातल्या एका अ‍ॅडमिरलची मुलगी. आपल्याकडचे चरित्रलेखक जन्माचे 1892 साल उरकून थेट 1925 च्या साबरमतीवर उडी घेतात. मला मधलाच काळ अधिक बोलका वाटतो. पंधराव्या वर्षाच्या सुमारास घरच्या यांत्रिक पियानोवर त्यांनी बेथोव्हेन ऐकला आणि त्या त्याच्याच होऊन गेल्या. वादक मात्र झाल्या नाहीत. पण पहिल्या महायुद्धानंतर, जर्मन संगीत म्हटले की इंग्रज नाक मुरडीत त्या दिवसांत, त्यांनी फ्रेडरिक लॅमंड या स्कॉटिश पियानोवादकाचे कार्यक्रम लंडनला घडवून आणले. लॅमंड हा लिस्टचा शिष्य आणि बेथोव्हेनमध्ये मुरलेला. सभागृह ठरवायचे, तिकिटे खपवायची, कलावंताचा रुसवा सांभाळायचा! ज्याने आपल्या गावात एकदा तरी गाण्याची बैठक भरवली आहे, त्याला यातले कष्ट सांगायला नकोत. पुढे बेथोव्हेनच्याच ओढीने त्या रोमाँ रोलाँकडे गेल्या, आणि रोलाँनी त्यांना गांधींचे नाव सांगितले.

म्हणून 'संगीत सोडून त्या गांधींकडे आल्या' हे आपले लाडके वाक्य मला लंगडे वाटते. संगीताच्याच वाटेने त्या आल्या. आणि ही भिंत?

कारागिरी म्हणून पाहिले तर ती साधीच आहे. झाडांचे बुंधे ताठर आहेत. चरखा फिरणारा वाटत नाही, खूण म्हणून उभा केलेला वाटतो. पण तिरपा उजेड पडला की मातीचा उठाव हलकेच वर येतो, आणि दोन आकृतींमध्ये सोडलेली मोकळी जागा नजरेत भरते. इतके मोकळे सोडण्याचा धीर, माझ्या मते, सुरांमधली शांतता ऐकलेल्या माणसालाच येतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

उलट दिशेनेही एक कलावंत गेला. शांतिनिकेतनातून 1944 मध्ये सेवाग्रामला येऊन नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवणारे देवीप्रसाद 1962 साली लंडनला गेले, युद्धविरोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे दहा वर्षे सरचिटणीस राहिले, आणि त्यांच्या हातची मातीही सुटली नाही. मीराबेन 1959 मध्ये भारत सोडून गेल्या आणि अखेर व्हिएन्नाजवळ, बेथोव्हेनच्या मुलखात, जाऊन राहिल्या. 1982 मध्ये तिकडेच वारल्या.

गेल्या उन्हाळ्यात कुटीत एका चिमुरडीने ताडाच्या बुंध्यावर बोट टेकवून विचारले, "हे कोनं काढलं जी?"

आई म्हणाली, "हात नोको लावू." आणि तिला ओढीत बाहेर घेऊन गेली.