लेग्री आणि टॉम : दोन नांवांचा न्याय

कल्पित खलपुरुषाचें नांव जुलमी माणसास चिकटून तें नित्याचा शब्द व्हावें, हा लेखकाचा मोठाच विजय होय, असें समजण्याचा प्रघात आहे. लोककथेंतील झोटिंग या पिशाचावरून आपण ‘झोटिंगशाही’ म्हणतों. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्यें गरीबखान्यावर तोरा मिरविणाऱ्या बंबलवरून इंग्रजांनीं क्षुद्र अंमलदारीस ‘बंबलडम’ म्हटलें. परंतु अशा विजयांत ग्रंथाची हानीहि होऊं शकते. हॅरियट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) ही कादंबरी आम्हांस याचें ठळक उदाहरण वाटते.

४५ प्रकरणांच्या या ग्रंथांत सायमन लेग्री अवतरतो तो तिसाव्या प्रकरणांत. तरी अमेरिकेंत निर्दय मालकास नांव पडलें तें त्याचेंच. टॉमचा आधीचा धनी सेंट क्लेअर मनाचा उदार आहे. पण त्याच्या औदार्यास कायद्याचा आधार नाहीं. तो मरतांच टॉम बाजारांत उभा राहतो व लेग्रीच्या हातीं पडतो. म्हणजे लेग्री हा अपवाद नव्हे. कायद्यानें मालकास दिलेल्या निरंकुश सत्तेचा तो अखेरचा अर्थ आहे. शिवाय हा दक्षिणेंतला मळेवाला जन्मानें उत्तरेकडील न्यू इंग्लंडचा आहे. जुलमाचें मूळ प्रांतांत नसून दास्याच्या संस्थेंत आहे, हें स्टोबाईंनीं या योजनेनें सुचविलें.

नांवाचा शब्द होतांच हा अर्थ गळाला. कामाचा तगादा लावणाऱ्या कोणाहि वरिष्ठास थट्टेनें ‘लेग्री’ म्हणूं लागले. टॉमवर तर याहून मोठा अन्याय झाला. ‘अंकल टॉम’ म्हणजे गोऱ्यांची हांजी हांजी करणारा, अशी ती शिवी झाली. वास्तविक टॉम एका दासीस फटके मारण्याचें साफ नाकारतो; कॅसी व एमेलिन कोठें लपल्या आहेत हें जाणूनहि सांगत नाहीं, आणि त्यापायीं मार खाऊन मरतो.

असें कां व्हावें? त्या काळीं अमेरिकेंत कादंबरीच्या नाट्यरूपांतरावर लेखकाचा हक्क नव्हता. तो १८७० च्या कायद्यानें आला. तोंवर गांवोगांवच्या नाटकमंडळ्यांनीं या कथेचीं हवीं तशीं रूपें केलीं होतीं. मूळचा धिप्पाड, लहान मुलांचा बाप असलेला टॉम रंगभूमीवर वांकलेला म्हातारा झाला. लेग्रीचा मात्र केवळ चाबूक उरला. पण सारा दोष नटांचा नव्हे. स्टोबाईंनीं टॉमचा नकार क्षमेच्या व प्रार्थनेच्या इतक्या आवरणांत गुंडाळला आहे कीं, उतावळ्या वाचकास नम्रता तेवढी दिसावी, नकार दिसूं नये. कलेच्या दृष्टीनें हा या ग्रंथाचा खरा उणेपणा आहे.

तरीहि ज्यांस हीं दोन नांवें केवळ शब्द म्हणून ठाऊक आहेत, त्यांनीं तेहेतिसावें व चाळिसावें प्रकरण अवश्य वाचावें. कोणी कोणाची आज्ञा मोडली, हें तेथें स्वच्छ लिहिलेलें आहे.