दोन गाईड, एक किल्ला : अलिबाग–मुरूड वनडे टूरचं परीक्षण

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक शेरा मिळतो : "वर्णन छान आहे, चिकित्सा नाही." मलाही मिळाला होता. लाल पेनाने, दोनदा अधोरेखित करून. तेव्हा वाटलं होतं, चिकित्सा म्हणजे चुका काढणं. मग मी चुका काढायला लागले. पुढच्या ड्राफ्टवर मॅडमनी लिहिलं, "ही तक्रार झाली. चिकित्सा कुठे आहे?"

पेट पास होऊन आता विषय ठरवणाऱ्यांचे मला जे प्रश्न येतात, त्यातले निम्मे याच जागी अडकलेले असतात. म्हणून आज थिअरी कमी सांगते आणि एका टूरचं परीक्षण करून दाखवते. पुस्तकाचं परीक्षण करतो तसंच. टूरलाही लेखक असतो, निवड असते, क्रम असतो, गाळलेला मजकूर असतो. फक्त ती छापलेली नसते, बसमधून वाचावी लागते.

टूर साधी होती. पहाटे पावणेपाचला मार्केट यार्डातून पिकअप, खोपोली–पेण–वडखळमार्गे अलिबाग, मग किनाऱ्याच्या रस्त्याने मुरूड, जंजिरा बघून रात्री परत. जेवण, बोट आणि गाईडसह. कंपनीचं नाव देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी गेले ते माझ्या तिसऱ्या प्रकरणासाठी. वारसास्थळांवर इतिहास कोण सांगतं आणि कसा सांगतं, हा माझा विषय आहे.

आधी या रस्त्याची थोडी ओळख करून घेऊ. अलिबाग ते मुरूड हे अंतर साधारण ५० किलोमीटर. एका टोकाला आंग्र्यांचं अलिबाग, समोर पाण्यात कुलाबा किल्ला. दुसऱ्या टोकाला सिद्दींचं मुरूड, समोर पाण्यात जंजिरा. एकमेकांशी पिढ्यान् पिढ्या भांडलेल्या दोन दर्यावर्दी सत्तांची ही ठाणी. त्यांच्या मधे चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद. एका दिवसात इतका इतिहास महाराष्ट्रात फार थोड्या रस्त्यांवर मिळेल.

पहिली पायरी : घड्याळ लावा

परीक्षणाची सुरुवात मतापासून करू नका, मोजण्यापासून करा. मी वहीत फक्त वेळा लिहिल्या. कुलाबा किल्ल्यासाठी एक तास दहा मिनिटं. ओहोटी होती म्हणून चालत जाता आलं, नाहीतर घोडागाडी. काशीदच्या किनाऱ्यावर एक तास चाळीस मिनिटं. जेवणाला सव्वा तास. जंजिऱ्यात प्रत्यक्ष किल्ल्यावर पंचेचाळीस मिनिटं. चौल आणि रेवदंड्यासाठी शून्य मिनिटं. तिथून बस न थांबता गेली. गाईडने माइक हातात घेतला आणि सांगितलं, "आता डावी-उजवीकडे नारळी-पोफळीच्या बागा बघा, फोटो काढून घ्या."

आता हे शून्य बघा. ज्या बागांचे फोटो काढायला सांगितलं, त्या बागांच्या खाली आणि आजूबाजूला या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं शहर आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणनंतरच्या बंदरांत सेमिल्ला येतं, टॉलेमीकडे सिमिल्ला. अभ्यासक ते चौल मानतात. अरबी लेखक त्याला सैमूर म्हणतात. १५ व्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन इथेच उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात पोर्तुगीज आरमाराची लढाई झाली आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. रेवदंड्यात पोर्तुगीजांनी तटबंदीचं शहर वसवलं, ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं.

पुढे साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संपर्कातून तयार झालेली एक भाषा आजही बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी ती टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर पूर्ण पुस्तक लिहिलं. आमच्या टूरमध्ये कोर्लई म्हणजे "तो समोर डोंगरावर किल्ला, खाली लाइटहाऊस". चाळीस सेकंद.

इथे मोह होतो लिहून टाकण्याचा की "टूरने चौलवर अन्याय केला." थांबा. ही तक्रार आहे. चिकित्सेचा प्रश्न वेगळा आहे : हे शून्य तयार कसं झालं?

दुसरी पायरी : गप्प जागा कुठे तयार झाली ते शोधा

हैतीचे इतिहासकार मिशेल-रॉल्फ त्रुयो यांचं 'सायलेन्सिंग द पास्ट' (१९९५) हे पुस्तक तुमच्या यादीत नसेल तर घाला. त्यांचं म्हणणं असं की इतिहासातली मौनं चार वेळा तयार होतात : स्रोत तयार होताना, स्रोत साठवताना, त्यातून कथा सांगताना आणि त्या कथेला महत्त्व देताना. नुसतं "इतिहास दडपला" म्हणून चालत नाही. चारपैकी कुठल्या टप्प्यावर, ते दाखवावं लागतं.

चौलला लावून बघू. स्रोत आहेत? भरपूर, आणि कितीतरी भाषांतले. साठवलेत? हो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ११ वा खंड (१८८३) कुलाबा आणि जंजिऱ्यावरच आहे आणि चौलवर त्यात बरंच लिहिलंय. म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांवर मौन नाही. ते तिसऱ्या-चौथ्यावर आहे. समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांच्या 'द टूरिस्ट' (१९७६) मधली मांडणी इथे कामी येते : पर्यटनस्थळ म्हणजे नुसती जागा नव्हे, ते पर्यटक, स्थळ आणि खूण या तिघांचं नातं आहे. खूण म्हणजे पाटी, फोटो, गोष्ट, तिकीटघर. चौलला स्थळ आहे, खूण नाही. झाडांत विखुरलेल्या भिंती एका फोटोत मावत नाहीत, आणि चाळीस माणसांना पंधरा मिनिटांत दाखवता येईल अशी एक जागा नाही. जंजिरा मात्र स्वतःच खूण आहे. पाण्यात उभा, एका फ्रेममध्ये पूर्ण.

म्हणजे चौल गाळण्यामागे कोणाचा कट नाही, बसचं वेळापत्रक आहे. एवढं कळलं की परीक्षणात राग कमी होतो आणि मुद्दा वाढतो.

तिसरी पायरी : एकच वस्तू, दोन कथनं

आता जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जायचं. आमचा बसमधला गाईड धक्क्यावरच थांबला. होडीपासून पुढचा ताबा तिथल्या गाईडचा. म्हणजे एका किल्ल्याच्या दोन गोष्टी मला एका तासाच्या अंतराने ऐकायला मिळाल्या. संशोधकाचं नशीब म्हणतात ते हेच.

बसमधली गोष्ट अशी : शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून सेतू बांधायला घेतला, पण किल्ला पडला नाही. कारण सिद्दी क्रूर होता, बाहेरचा होता. सूर हळहळीचा. होडीतली गोष्ट : हा किल्ला कोणालाच घेता आला नाही, कारण बांधणी पक्की, तोफा मोठ्या, सिद्दी शूर. सूर अभिमानाचा. मधेच तो गाईड म्हणाला, "आमच्या आजोबांचं घर आतच होतं." आणि एका पडक्या जोत्याकडे बोट दाखवलं.

दरवाज्यावर एक शिल्प आहे. पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी. आमच्या बसमधल्या एका काकांनी आधीच ऐकलेलं सांगितलं, "बघा, किती माज!" होडीवाल्या गाईडने सांगितलं, "बघा, किती ताकद!" दोघांच्याही मते प्राणी म्हणजे सिद्दी आणि हत्ती म्हणजे इतर सत्ता. पण हत्तीवर मात करणारा सिंह किंवा शरभ हा दख्खनच्या किल्ल्यांवर सर्रास दिसणारा घाट आहे. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेच्या तोंडाशीही सिंहाच्या जबड्यात हत्ती आहे, आणि ती तोफ ओतली गेली १५४९ मध्ये निजामशाहीत, अहमदनगरला. जंजिऱ्याचे सिद्दीही आधी निजामशाहीचेच चाकर. म्हणजे हे शिल्प एका माणसाच्या माजाची किंवा ताकदीची नोंद नसून एका सामायिक दख्खनी चिन्हभाषेतला शब्द असण्याची शक्यता जास्त. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन कथनांचं गृहीतक एकच निघालं : सिद्दी वेगळा, एकटा, दख्खनच्या बाहेरचा.

हे गृहीतक तपासायला हवं. 'हबशी' हा शब्द अबिसिनियावरून आला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं दख्खनमध्ये सरदार झाली, वजीर झाली. मलिक अंबर हे सगळ्यांना माहीत असलेलं नाव, मृत्यू १६२६. "अजिंक्य" या शब्दाचंही तसंच. किल्ला पडला नाही हे खरं, पण १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारल्यावर किनाऱ्यावरची सिद्दींची ताकद खचली. तरी संस्थान मात्र १९४८ पर्यंत होतं. "अजिंक्य" म्हटलं की ही मधली सगळी वर्षं गायब होतात. आणि सिद्दींच्याही आधी इथे कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख होता अशी परंपरा आहे. कोळ्यांना दोन्ही गाईडनी एकेक वाक्य दिलं. समोर त्यांच्याच होड्या मासे घेऊन येत होत्या.

परतताना बसमध्ये आठवी-नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सिद्दी आता कुठे असतात?" गाईड म्हणाला, "गेले ते." माझ्याकडे उत्तर होतं. कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये, गुजरातमध्ये सिद्दी समाज आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. मी बोलले नाही. निरीक्षकाने मधे पडू नये, असं मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते ना! त्या मुलीने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ते "गेले ते" आता तिचा इतिहास आहे. माझं गप्प राहणं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्रुयोंच्या चार टप्प्यांत त्या क्षणी मीही होते, हे नक्की.

चौथी पायरी : स्वतःला परीक्षणात घ्या

आता कंपनीचं नाव का देत नाही, ते. सकाळपासून मी मोबाईलवर गाईडचं बोलणं रेकॉर्ड करत होते. विचारलं नव्हतं. वाटलं, माइकवर बोलतोय म्हणजे सार्वजनिकच आहे. जेवणाच्या वेळी त्याला दिसलं. तो शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे कुठे छापणार? चुकीचं काही बोललो असेन तर मला पुढची ट्रिप देणार नाहीत. मला कागद देतात, तेवढंच सांगायचं असतं. जास्त सांगितलं की उशीर होतो, उशीर झाला की पॅसेंजर रेटिंग कमी देतात."

त्याच्यासमोरच रेकॉर्डिंग डिलीट केलं. त्याने तो कागद मला दाखवला. दोन पानं, वेळांसकट. चौलच्या पुढे लिहिलं होतं : "नारळ बागा – फोटो." मी सकाळपासून ज्याला लेखक समजून वाचत होते, तो वाचक निघाला. माझ्या जुन्या सिनॉप्सिसमध्ये वाक्य होतं, "स्थानिक गाईड चुकीचा इतिहास पसरवतात." मॅडमनी तेव्हा समासात विचारलं होतं, "कोणाच्या पगारावर?" तो प्रश्न मला काशीदच्या त्या खानावळीत कळला.

त्या माणसाचं काम मी नीट पाहिलं तर काय दिसलं? भरती-ओहोटी त्याला तोंडपाठ होती. काशीदला पाण्यात लांब जाणाऱ्या पोरांना त्याने दोनदा ओढून बाहेर आणलं. ज्या मावशींचे गुडघे दुखत होते, त्यांना होडीत चढवताना शेवटपर्यंत हात धरून उभा होता. परीक्षणात हेही आलं पाहिजे. उणीव ज्याची असेल त्याच्याच नावावर लिहायची. इथे ती त्या दोन पानांच्या नावावर जाते आणि ती पानं ज्या हिशोबाने लिहिली जातात त्याच्या.

मग टूर चांगली की वाईट? विचाराल तर सांगेन, जा. कुलाबा आणि जंजिरा एका दिवसात पाहिल्यावर आंग्रे आणि सिद्दी हे एकाच पाण्यावरचे शेजारी होते, हे जसं कळतं तसं वाचून कळत नाही. टूरचं सगळ्यात मोठं देणं तेच, आणि ते बहुधा कोणी ठरवून दिलेलं नाही. पण चौलला अर्धा तास थांबता येईल, काशीदचा अर्धा तास कमी करून. आणि "गेले ते" ऐवजी एक खरं वाक्य त्या कागदावर लिहिता येईल. हे दोन बदल मी कंपनीला पत्राने कळवले आहेत, गाईडचा उल्लेख न करता.

तुमच्यासाठी काम : तुमच्या गावातली एखादी टूर घ्या, शनिवारवाडा चालेल, देवगिरी चालेल. वहीत चार रकाने करा. किती वेळ कशाला दिला; काय गाळलं आणि कुठल्या टप्प्यावर; एकाच वस्तूबद्दल दोन माणसं काय सांगतात; आणि मी तिथे काय करत होतो किंवा होते. पण रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. माझाही दोन वर्षं रिकामा होता.

रात्री साडेदहाला मार्केट यार्डात उतरलो तेव्हा पहाटेसारखेच ट्रक लागत होते. एका ट्रकमधून शहाळी उतरवत होते. कुठली म्हणून विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं.